मागच्या खोलीतली खाण

९ डिसेंबर

आमच्या घरात आजपासून खाण आहे. खरीखुरी! मागच्या खोलीत, जिथे माझं शिवणाचं मशीन होतं तिथे. ते बिचारं आता जिन्याखाली गेलं, अंगावर चादर ओढून.

खाणमालक म्हणजे आमचे चिरंजीव. नोकरी सोडून घरी आले तेव्हा मला वाटलं, दमलाय पोरगा, झोपू दे थोडे दिवस. आज दारात टेम्पो! बुटांच्या खोक्यांपेक्षा थोडी मोठी अशी चार मशीनं, प्रत्येकाला पुढे-मागे पंखे. बटण दाबलं आणि घराने मोठा श्वास घेतला. सोडलाच नाही अजून.

"यातून निघणार काय?"
"कॉईन."
"कुठाय?"
"आई, ते हातात घ्यायचं नसतं. ते असतं फक्त."

हे पेपरामागून म्हणाले, "देवाचंही तसंच आहे." आणि पान उलटलं. निवृत्त झाल्यापासून यांचं मत एवढंच असतं. एक वाक्य, मग पान.

१० डिसेंबर

माझी काळजी वेगळीच. खाणीला लागून ताईची खोली, मधे एक भिंत फक्त.

माझी ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, आईला शेवटपर्यंत तिनेच बघितलं. गेल्या वर्षी स्वयंपाकघरात गॅस चालू ठेवून फिरायला गेली, तेव्हा मी तिला इकडे घेऊन आले. बोलणं कमी होत होत आता दिवसाला चार-पाच वाक्यांवर आलंय. आणि झोप नाही. सगळीकडे निजानीज झाली की उठते, दारांच्या कड्या काढते आणि उंबऱ्यात उभी राहते. "कुठे चाललीस ताई?" विचारलं तर म्हणते, "कुठे नाही. बघतेय."

डॉक्टरांनी नवी गोळी दिली आहे. महिनाभर बघू म्हणाले. झोपायला लागली तर उत्तम, नाहीतर "अशा पेशंटसाठी चांगल्या संस्था असतात हल्ली." हल्ली! आठ वर्षं कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात काढलेल्या मला संस्थेचं कौतुक सांगतायत. पांढऱ्या चादरी, घंटा, आणि जेवताना कोणी कोणाशी बोलायचं नाही. ताईला तिथे पाठवायचं नाही. मी असेपर्यंत नाही.

आणि अशा वेळी तिच्या उशाशी खाण. शाबास!

१३ डिसेंबर

आज मला खाणकाम शिकवण्यात आलं. जगभर अशी लाखो मशीनं एकच आकडा शोधत असतात. हिशेब करून? छे! अंदाजाने. आकडा ठोकायचा, चुकला की दुसरा ठोकायचा. पापणी लवायच्या आत कोट्यवधी वेळा. ज्याचा बरोबर आला त्याला कॉईन.

"आणि ज्यांचे चुकले त्यांनी जाळलेली वीज?"
"ती गेली."
"गेली कुठे?"
"उष्णता झाली ना. खोलीत जाऊन बघ."
"बरं, सापडलेल्या आकड्याचं पुढे करतात काय?"
"काहीच नाही. शोधायला मेहनत पडली हे सिद्ध होतं. तोच तर मुद्दा आहे, आई!"

आमच्या गणिताच्या सिस्टर अंदाजाने उत्तर देणाऱ्या मुलीला बाकावर उभं करत. म्हणत, अंदाज म्हणजे सभ्य मुलींचं खोटं बोलणं. सिस्टर, तुम्ही फार लवकर गेलात हो. कुठेतरी कोळशाचे डोंगर जळतायत, कुठे धरणं रिकामी होतायत, आणि आमच्या मागच्या खोलीत रात्रंदिवस चुकीची उत्तरं दिली जातायत. बाक पुरले नसते तुम्हाला!

१६ डिसेंबर

ताई रात्रभर झोपली! कडी जागच्या जागी. डॉक्टर, तुमच्या गोळीला साष्टांग नमस्कार.

१८ डिसेंबर

कालही. परवाही. गोळी मी स्वतः तिच्या तळहातावर ठेवते, पाण्याचा पेला देते आणि बाहेर येते. कोणी टक लावून उभं राहिलेलं तिला आवडत नाही, लहानपणापासून.

इतक्या गोंगाटात झोपते म्हणजे काय जालीम औषध असेल!

२१ डिसेंबर

खाणीचा एक फायदा कबूल करायला हवा. कपडे तासाभरात वाळतात. चिरंजीवांची एवढी पदवी, एवढं शिक्षण, आणि यांचे बनियन वाळवले.

वायरमन येऊन गेला. मीटरसमोर उभा राहून आधी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकू, घरात कारखाना टाकलाय का?"
"नाही हो. खाण."
"अहो, एकेक मशीन म्हणजे दीड-दोन गीझर. आणि गीझर निदान आंघोळ झाली की बंद करतो माणूस!"
"यांची आंघोळ होतच नाही."

तो खूप हसला. मग जाताना हसू थांबवून म्हणाला, "गल्लीची डीपी, तो टोकाचा ट्रान्सफॉर्मर, जुनी आहे. मुलाला सांगा." सांगितलं. "हो हो, बघतो," असं उत्तर मिळालं. कानात कापसाचे बोळे घालून बसलेल्या माणसाला काय ऐकू जाणार म्हणा. स्वतःच्या मशीनचा आवाज स्वतःला सहन होत नाही!

२७ डिसेंबर

सकाळपासून अण्णांची आठवण येतेय. आमचे वडील पॉवरहाऊसवर ऑपरेटर होते. घरातून कोणी दिवा तसाच ठेवून बाहेर पडलं की ओरडत नसत. स्वतः उठून बंद करत आणि म्हणत, "दिवा लागलाय म्हणजे तिकडे कोणीतरी उभं आहे, बाळ. त्याला बसू दे." मी खरंच समजत असे की मी बटण बंद केलं की एक दमलेला माणूस कुठेतरी खुर्चीत टेकतो.

क्वार्टर्स पॉवरहाऊसच्या भिंतीला चिकटून. टर्बाइनचं घुमणं जमिनीतून वर यायचं. पेल्यातलं पाणी थरथरायचं, खाटेचा पाय थरथरायचा. अण्णा सुट्टीच्या दिवशी पडल्या पडल्या सांगत, "लोड चढला. गिरणी चालू झाली वाटतं." ताई लगेच म्हणे, "आत्ता उतरला!" बरोबर असायचं तिचं. मला कधीच ओळखता आलं नाही. मला लवकर बोर्डिंगात टाकलं. ती घरी राहिली, त्या आवाजात.

आणि कधी पॉवरहाऊस एकदम थांबलं की! ती शांतता. सगळ्या बायका कड्या काढून आपापल्या दारात. कोणी बोलायचं नाही. आईचा हात माझ्या खांद्यावर, घट्ट. पुन्हा घुमायला लागलं की सगळ्या एकदम आत, चुलीवरचं बघायला.

बोर्डिंगातले पहिले दिवस मी झोपूच शकले नव्हते. सिस्टरांना वाटलं, घरची आठवण. मी म्हटलं, इथे फार गप्प आहे. त्या म्हणाल्या, "शांततेत देव बोलतो." मी पुष्कळ वाट पाहिली. काही बोलला नाही.

२ जानेवारी

झालं! डीपी जळाली. मोठा आवाज, निळा धूर आणि अख्खी गल्ली बंद. समोरच्या दंतवैद्य बाई पांढऱ्या कोटात थेट आमच्या फाटकात. "माझा पेशंट तोंड उघडं टाकून बसलाय! अर्धी दाढ आत आहे अजून!" मागून तो पेशंटही आला, गाल धरून. त्याला बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी त्याने आमच्या सात पिढ्या उद्धरल्या.

बोटं सगळ्यांची आमच्या मागच्या खिडकीकडे. हे फाटकात उभं राहून म्हणाले, "चूक आमची आहे." उलटायला पान नव्हतं, म्हणून तसेच उभे राहिले.

मी संधी सोडली नाही. संध्याकाळी चिरंजीवांना समोर बसवलं. "गल्लीचं राहू दे. तुझी मावशी आजारी आहे. तिच्या डोक्याशी तू हे असलं ठेवणार? मशीनं ठेव नाहीतर मावशीला. बोल."

"आई, मावशीला त्रास नाही होत. ती दुपारी येऊन माझ्या शेजारी बसते. मशीनवर हात ठेवून."

"तिला काय कळतंय!" मी म्हटलं.

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण दाखवलं नाही.

५ जानेवारी

खाण हलली. मित्राच्या शेडमध्ये, गावाबाहेर, जिथे जळायला डीपी नवी आहे. शिवणाचं मशीन परत जागेवर. चादर काढली, तेल घातलं. डीपीही नवी बसली. गल्लीत मला लोक हसून नमस्कार करतायत, निवडून आल्यासारखं वाटतंय.

आणि काय ही शांतता! घड्याळ ऐकू येतं. उद्या ताईच्या गाऊनची शिलाई घेते.

६ जानेवारी

कडी काढली. उंबऱ्यात.

८ जानेवारी

रोज तेच. दिवसाही आता. मी शिवत बसले की येते, शिवणाच्या मशीनवर हात ठेवते, थोडा वेळ थांबते, काढून घेते. डॉक्टर म्हणाले गोळीला शरीर सरावतं, डोस वाढवू. वाढवला. काही नाही.

आज यांच्या पेपराखाली संस्थेचं माहितीपत्रक दिसलं. गुळगुळीत कागद, बागेत हसणाऱ्या म्हाताऱ्या. "मी फक्त आणून ठेवलंय," हे म्हणाले. मी पेपर परत त्यावर ठेवला. यांचेही डोळे सुजलेत. रात्री माझ्या जागी तेच दारात बसतात, मला झोप मिळावी म्हणून.

१० जानेवारी

सकाळी दूध घेऊन आत आले तर ताईची खोली रिकामी. फाटक सताड.

हे एका बाजूला धावले, चिरंजीव अनवाणी दुसरीकडे. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हाका मारत होते. तिच्या नावाने नाही, "ताई, ताई" अशाच. जगात कितीतरी ताया! तीन जणींनी वळून बघितलं.

सापडली दंतवैद्य बाईंना. गल्लीच्या टोकाला, नव्या डीपीच्या जाळीला पाठ टेकून खाली बसली होती. पाय पसरून, निवांत. बाई तिच्या शेजारी तशाच मातीत बसलेल्या, पांढऱ्या कोटासकट.

"अगं ताई! इथे काय करतेस?"

तिने तोंडावर बोट ठेवलं. जाळीमागे तो मोठा पत्र्याचा डबा घुमत होता. मंद. एका सुरात.

"अण्णांची पाळी आहे," ती म्हणाली. "चालू आहे सगळं. तू झोप."

आणि तिथेच, जाळीला डोकं लावून, तिचे डोळे मिटायला लागले.

११ जानेवारी

तिचा स्वेटर धुवायला घेतला. खिशात गोळ्या. सगळ्या! महिन्याभराच्या. काही विरघळून लोकरीला चिकटलेल्या. एकही घेतलेली नाही तिने.

मी मोरीच्या काठावर बसून राहिले. नमस्कार घातले होते मी या गोळ्यांना, साष्टांग.

म्हणजे भिंत. भिंतीतून येताना पंख्यांची किरकिर गाळली जात असणार आणि ते घुमणं तेवढं तिच्यापर्यंत पोचत असणार. आणि क्वार्टर्समधल्या बायकांसारखी उंबऱ्यात उभी राहून ती काय बघत होती ते मी ओळखायला हवं होतं. आणखी कोणी ओळखणार होतं?

चिरंजीवांच्या खोलीत गेले. "एक मशीन परत आणशील का रे?" चिडवेल असं वाटलं. म्हणाला, "नुसते पंखे लावून देतो, खणणं बंद, आई. आवाज तोच. वीजही जाणार नाही. तुझ्या सिस्टर खूश."

किती शहाणा आहे माझा मुलगा! संध्याकाळी आणलं. वायरमननेही डीपी बघून मान डोलावली, एकाला हरकत नाही म्हणाला. पंखे लावले. ताई पलंगावर आडवी झाली. भिंतीला हात लावला. ऐकलं.

मग उठून बसली आणि चप्पल शोधायला लागली.

"काय झालं, ताई?"

"रिकामं फिरतंय," ती म्हणाली. "लोड नाही त्याच्यावर."

१२ जानेवारी

"चढला लोड," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मीच सांगितलं त्याला. खण बाबा, खण. आता मशीन जोरात चुकीची उत्तरं देतंय.

माहितीपत्रकाची घडी करून शिवणाच्या मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. मग घरभर फिरून उरलेले सगळे दिवे बंद केले. हे पेपर वाचत होते. त्यांचासुद्धा.