उजव्या बाजूचा आवाज

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सुट्टी होती. सकाळी गाडी काढली, कालव्याच्या रस्त्याने पुलापर्यंत जाऊन आलो. येताना भाजी घेतली. जेवलो. दुपारी लेकीचा फोन आला. बाकी विशेष नाही.

गाडीबद्दल विचारायचं होतं. लेकीची आई गेल्यापासून गाडी उभीच होती. या वयात मी चालवायला शिकलो, हे तुला कळवलंच आहे. आता थोडं अंतर गेलं की पुढच्या चाकातून घासल्याचा आवाज येतो. पत्र्यावर विळा ओढावा तसा, चाकाच्या फेऱ्याबरोबर थांबून थांबून. उजवं चाक, माझ्या खिडकीखालचं. मिस्त्रीने गल्लीत फेरी मारली तेव्हा गाडी नेमकी गप्प. मी उजवं म्हटलं म्हणून त्याने ते चाक उघडलं, साफ केलं, काही दोष नाही म्हणाला. वर हसून म्हणाला, काका, आवाज तुमच्या कानातच असेल. घरी येताना पुन्हा सुरू.

लेक म्हणते, बाबा, विकून टाका. तिच्या ओळखीचे एक गृहस्थ या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी बघायला येणार आहेत. मी हो म्हणायच्या बेतात आहे. गाडी तिच्या आईची होती. मी जन्मभर शेजारी बसलो. जिचं दुखणं मला ओळखता येत नाही ती गाडी मी चालवू नये, असं वाटतं.

माया आहेच, तशीच राहू दे.

तुझा भाऊ

दि. १३ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

एवढं लांब पत्र तू आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस, तेही एका चाकासाठी! अख्ख्या शहराला गाडी शिकवून मी निवृत्त झाले आणि सख्खा भाऊ शिकला परक्या बाईंकडे. हे दुःख मी गिळलं आहे, पण पचलेलं नाही.

कानातच असेल म्हणणाऱ्या त्या मिस्त्रीचे कान आधी उपटायला हवेत. आता मी विचारते तेवढं बघ आणि कळव. ब्रेक दाबल्यावर आवाज वाढतो की थांबतो? वाढत असेल तर गाडी जागची हलवू नकोस. वळणावर बदलतो का? बदलत असेल तर बेअरिंग. दोन्ही वेळा नीट कान दे. घाईने विकू नकोस, आणि विकायचीच तर दुखणं काढून मग वीक. खोटी वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आपल्या घरात रीत नाही.

आणखी एक. लेक सांगत होती की तू गुडघे स्टिअरिंगला टेकवून, अंग चोरून चालवतोस. अरे, सीट मागे सरकते. खाली दांडी असते.

जेवत जा वेळेवर. माझा जीव तुझ्यापाशी आहे, हे विसरू नकोस.

ताई

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तू सांगितलंस तसं पाहिलं. ब्रेक हलका दाबला की आवाज थांबतो, सोडला की पुन्हा येतो. वळणावर काही फरक नाही. येतो मात्र कायम उजवीकडूनच. काल लेकीला शेजारी बसवून नेलं. ती म्हणाली, बाबा, आवाज माझ्या बाजूने येतोय. पण ती सगळा वेळ फोनवर बोलत होती, तिचं काय धरायचं.

सीट तिच्या आईच्या मापाची आहे. असू दे.

कळव. वाट पाहतो.

तुझा भाऊ

दि. २१ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

अरे, तुझा डावा कान! लहानपणी गालगुंडांच्या तापात गेला तो! लेकीचं बरोबर आहे, तिच्याच बाजूचं चाक आहे. एका कानाला दिशा कळत नाही. त्यात तुझा चांगला कान आता खिडकीला लागलेला. साऱ्या जगाचा आवाज तुला उजवीकडूनच येणार. मी मेली सख्खी बहीण, मीही विसरले.

खात्री करून घे. एखाद्या मोकळ्या आवारात लांब भिंत शोध. काचा खाली कर आणि भिंतीच्या कडेने हळू जा. एकदा भिंत उजव्या हाताला ठेव, मग उलट फिरून डाव्या हाताला. ज्या बाजूला भिंत असताना आवाज मोठा होईल, त्या बाजूचं चाक. भिंत आवाज परत देते, त्याला एक कान पुरतो. मग उतरून दोन्ही चाकांजवळ तळवा ने. नुसता जवळ ने, लावू नकोस, भाजशील.

आता दुसरं. तुझं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, वन्सं, मला गाडी शिकवा. ही इतकी भित्री, क्लचवर पाय ठेवताना थरथरायची. मी म्हटलं, अगं, तो शिकेल की, तू कशाला जीव टांगणीला लावतेस? तर म्हणाली, ते चालवायला बसले की मी कायम त्यांच्या बहिऱ्या बाजूला. जन्मभर ओरडून बोलू का? त्यापेक्षा मीच चालवीन. त्यांना सांगू नका म्हणाली, त्यांना वाटेल मी कीव करते. इतकी वर्षं मी तोंड शिवून होते.

गाडीचं काय करायचं ते तू ठरव. पण हे ठाऊक असून ठरव.

अंगावर हात फिरवल्यासारखं समज.

ताई

दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

आज सकाळी बंद गोदामाच्या आवारात गेलो. मागची भिंत खूप लांब आहे. भिंत उजवीकडे होती तेव्हा आवाज पुसट होता. फिरून डावीकडे घेतली आणि तो एकदम मोठा झाला, भिंतीच्या आतून दुसरी गाडी सोबत चालल्यासारखा. मी थांबलो. आणखी एकदा तसाच गेलो. गरज नव्हती, पण गेलो. उतरून तळवा धरला. डाव्या चाकातून आच येत होती. उजवं नेहमीसारखं.

मिस्त्रीने डावं चाक उघडलं. ब्रेकची एक खीळ अडकली होती, त्यामुळे पॅड चिकटून राहून झिजलं होतं. पॅडला एक लहान पोलादी जीभ असते. पॅड पातळ झालं की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला घासते आणि आवाज करते. तेवढ्यासाठीच ती ठेवलेली असते, ब्रेक संपायच्या आत चालवणाऱ्याला ऐकू जावं म्हणून. कुणाला सुचलं असेल हे? मी तो तुकडा हातात धरून बराच वेळ उभा होतो. मिस्त्रीने विचारलं, काका, घरी नेताय की काय? मी नेला. टेबलावर ठेवला आहे.

ताई, मला एक कान नाही हे मी विसरून गेलो होतो. खरंच विसरलो होतो. आज आठवत बसलो. जेवताना ती उजवीकडे. बाकावर उजवीकडे. रस्त्याने चालताना वाहनं तिच्या अंगावरून जात, तरी उजवीकडेच. मला वाटायचं, तिला गाडीची हौस आहे. मला कधीच काही कमी ऐकू आलं नाही, आणि त्यामागे एवढं काम चाललं होतं. मोठ्या धरणाखाली उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो, तसं झालं आहे.

संध्याकाळी लेक आली. मी ओट्याशी चहा गाळत होतो. ती डावीकडून आत आली, माझ्या पाठीमागून वळून उजव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि मग बोलली, बाबा, रविवारचं काय करायचं? तिला हे कुणी सांगितलं नसणार. पाहत मोठी झाली. मी गाळणं खाली ठेवलं. मग म्हटलं, त्यांना येऊ नका म्हणून कळव. ती म्हणाली, बरं झालं. आणि माझाच कप उचलून चहा प्यायली.

उन्हाळ्यात तुला न्यायला मीच येईन. चुका काढायच्या नाहीत.

लोभ तुझा कधी आटला नाही, म्हणून मागत नाही.

तुझा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी खाली जाऊन आलो. दांडी सापडली. सीट मागे घेतली. ती मागे घेतली की आरसेही पुन्हा लावावे लागतात, ते लावले.