सपाट केलेल्या टेकडीवरचे पाच पूर्वज

आदरणीय डेल्मरदाजी यांस,

होबार्ट नॅपियरचा मनापासून नमस्कार पोचावा. आपली प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. मागच्या पत्रात आपण "ठीक आहे" एवढेच लिहिले होते आणि आपल्या वयाच्या माणसाने एवढ्यावर भागवू नये. ओहायोच्या थंडीने गुडघे धरले असतील तर आमच्या सौ. ल्यूलाच्या सांगण्याप्रमाणे लोकरीचे फडके घट्ट बांधावे. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. ल्यूलाचे ऐकणे कमी झाले आहे, बोलणे झालेले नाही. माझी बहीण आणि आपली दिवंगत पत्नी आयसी हिच्या थडग्यावर यंदाही मी स्वतः पांढरी फुले ठेवली. टेकडीच्या पूर्वेचा आपला तंबाखूचा तुकडा मी झुडपे तोडून साफ करून घेतला आहे. कुंपण उभे आहे आणि कोणाची गाय आत गेलेली नाही. (हा उल्लेख सहज केला, त्यामागे हेतू नाही.)

आता इकडचे वर्तमान. आपल्या काउंटीत राज्य सरकारची एक नवी योजना आली आहे, ती आपल्याला समजावून सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. पूर्वी सरकार कारखानदाराला पैसे देत असे. कारखानदार येई, पैसे संपेपर्यंत राही आणि मग निघून जाई. हातमोज्यांचा कारखाना आपल्याला आठवत असेल. आता सरकारने शहाणपणा धरला असून ते पैसे माणसाला न देता जमिनीला देते. म्हणजे गावाने आधी जागा सपाट करायची, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची नळी आणि रस्ता न्यायचा, माती तपासून घ्यायची. यातला मोठा वाटा सरकार उचलते आणि सर्व नीट झाले की "ही जागा तयार आहे" असा दाखला देते. मग कारखानदाराने फक्त यायचे. नवरदेव कोण आहे ते ठाऊक नाही, पण मांडव घालून, पंगतीची पाने मांडून ठेवायची, असा हा प्रकार आहे. ल्यूलाला हे पटत नाही. ती म्हणते की आमच्या लग्नात वर हजर होता, तरी मांडव पडलाच होता. (तो वाऱ्याने पडला. खांब मी रोवले होते आणि नीट रोवले होते.)

जागा म्हणून निवडली गेली ती आमच्या वडिलांची टेकडी, जी मी काउंटीला मागेच रीतसर विकली होती. त्यामुळे जागा समितीवर माझी नेमणूक झाली. समितीत इतर सर्व जण कॉलेजात शिकलेले आहेत. मी चौथीपर्यंत शिकलो आहे, पण चौथीत माझा पहिला नंबर होता (वर्गात आम्ही दोघेच होतो आणि दुसरा बहुधा मासे धरायला जात असे, हे इथे सांगण्याची गरज नाही). मोठमोठी यंत्रे आली आणि टेकडीचा माथा असा कापून निघाला की मी आयुष्यात प्रथमच आपल्या काउंटीत चारी बाजूंना सारखी जमीन पाहिली. लोक बघायला येऊ लागले. वर्जिल स्टिडमने तिथे एक गोटी ठेवली आणि ती कुठेच घरंगळेना, तेव्हा त्याने टोपी काढली.

हे सर्व मला इतके जिव्हाळ्याचे का, तेही लिहितो. आमची नात शेल्बी डोंगरापलीकडच्या काउंटीत गोदामावर कामाला जाते. पहाटे अंधारात निघते, परत येते तेव्हा तिची मुले झोपलेली असतात. तिने मला सांगून ठेवले आहे, "आजोबा, जूनअखेर दाखला मिळाला तर मी थांबेन. नाही मिळाला तर मुलांना घेऊन लेक्सिंग्टनला जाईन. मग मला रडून दाखवायचं नाही." मी कधीच कोणाला रडून दाखवलेले नाही, परंतु ते पोर गेले तर या घरात ल्यूलाचे बोलणे ऐकायला मी एकटाच उरेन, याचा आपण विचार करावा.

तर काम व्यवस्थित चालले होते. वटवाघळे मोजणारा गृहस्थ येऊन गेला (त्यासाठी वेगळा माणूस असतो, आणि त्याला पगारही असतो). ओल तपासणारा येऊन गेला. शेवटी जुन्या वस्तू आणि जुनी थडगी शोधणाऱ्या डॉ. मेरिडिथ नावाच्या बाई आल्या. अत्यंत सुशील मुलगी आहे. माझ्याशी बोलताना च्युइंगम काढून ठेवते. तिला माथ्याच्या कडेला, अजून न कापलेल्या भागात, गवताखाली ओळीने रोवलेले पाच उभे दगड सापडले. पाचही पूर्वेकडे तोंड करून, पायथ्याशी लहान दगड. आपल्याकडची गरीब माणसे जशी पुरली जात तशीच तंतोतंत ठेवण.

दाजी, ते दगड कोणाचे हे या पृथ्वीतलावर आता दोनच माणसांना ठाऊक आहे. एक मी आणि दुसरे आपण. ड्रम, क्वीन, प्रीचर, ओल्ड टॉम आणि आपली जुनो. त्याच माथ्यावर शेकोटी करून आपण बसत असू आणि खाली दरीत कुत्रे कोल्ह्याच्या मागे धावत. कोल्हा धरणे हा आपला हेतू कधीच नव्हता, फक्त त्यांचा आवाज ऐकायचा. प्रीचर एकदा भुंकू लागला की प्रवचनाला उभ्या राहिलेल्या पाद्र्यासारखा थांबत नसे म्हणून त्याला ते नाव होते. जुनोला पुरताना आपण टोपी काढून बायबलमधला उतारा म्हटला होता आणि मी दुसरीकडे पाहत होतो.

मी समितीपुढे ताबडतोब उभा राहिलो आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की ते माझे आणि माझ्या मेहुण्यांचे शिकारी कुत्रे आहेत. परंतु तोवर फार उशीर झाला होता. आदल्याच दिवशी गावाच्या वर्तमानपत्रात "टेकडीवर अज्ञात थडगी" असे छापून आले होते, आणि आपली माणसे आपण जाणताच. ज्या थडग्याला कोणी नाही ते कोणाचे तरी असलेच पाहिजे, ही आपल्याकडची रीत. ऑर्फा गिलियमबाईंच्या पणजोबांचे भाऊ यादवी युद्धात गेले ते परतले नव्हते; ते पहिल्या दगडाखाली परतले. टॅकेट भगिनींनी पुढचे दोन घेतले. उरलेले दोन वर्जिल स्टिडमने नाखुशीने पत्करले, कारण त्याच्या घराण्यात कोणी हरवलेलेच नव्हते, पण आपले काहीच नसावे हे त्याला बरे वाटेना. अशा वेळी मी उठून "कुत्रे" म्हणालो. ऑर्फाबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी खुर्ची चाचपून खाली बसलो.

"होबार्ट," त्या म्हणाल्या, "तुमचं वय झालंय म्हणून सोडते. माझ्या पणजोबांच्या भावाला कुत्रा म्हणणारा दुसरा कोणी असता तर या खोलीतून चालत बाहेर गेला नसता."

आता अडचण अशी. थडगी असली तर त्यांच्याभोवती ठरावीक जागा मोकळी सोडावी लागते; ती सोडली तर सपाट जागा योजनेच्या मापाला कमी पडते; आणि माप कमी पडले तर दाखला नाही. मी डॉ. मेरिडिथना पुन्हा एकदा सत्य सांगितले. त्या म्हणाल्या की माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण खणून पाहिल्याशिवाय मला तसे लिहिता येत नाही. मी म्हटले खणा. तर खणायला वारसांची परवानगी लागते, आणि वारसांनी सांगितले की आमच्या जिवात जीव असेपर्यंत फावडे लागू देणार नाही. म्हणजे ते कुत्रे आहेत हे सिद्ध करायला खणले पाहिजे, आणि खणायची परवानगी फक्त तेच देऊ शकतात ज्यांच्या मते ती माणसे आहेत. काउंटीप्रमुख क्लेबर्न स्पर्लॉक (आपल्या वेळच्या स्पर्लॉक लोहाराचा नातू, कान तेच) दोन्ही हातांत डोके धरून बसले. मी त्यांनाही सत्य सांगितले. ते म्हणाले, "काका, तुम्ही आता गप्प बसलात तर निदान मला मतं तरी मिळतील."

अशात मे महिन्यातला थडगी सजवण्याचा रविवार आला. दरवर्षी आपापल्या दफनभूमीत जाणारी घराणी यंदा सगळी टेकडीवर लोटली, कारण नवे पूर्वज तिथे होते, आणि शिवाय जेवणाची चादर अंथरायला एवढी सपाट जागा आपल्या काउंटीत कोणालाच मिळाली नव्हती. चादरींना चादरी लागल्या. घेवड्याचे वरण, मक्याचा पाव, खारवलेले डुकराचे मांस, कोंबडी, ल्यूलाचा वाळवलेल्या सफरचंदांचा थराथरांचा केक. पाच दगडांवर इतकी फुले होती की दगड दिसेनात. पाद्रीबुवांनी पाचही आत्म्यांसाठी प्रार्थना केली. जुनोच्या दगडापाशी ते म्हणाले की या वीराने मायभूमीसाठी काय काय सोसले ते देवालाच माहीत. दाजी, मी त्या वेळी ओढ्याकडे बघत राहिलो. तिने आयुष्यात सोसले ते एकच, साळिंदराचे काटे, आणि तेही तिच्याच चुकीने.

नेमक्या त्याच वेळी एक राखाडी मोटार टेकडीवर आली. तीतून वेनराइट नावाचे गृहस्थ उतरले; कारखानदारांसाठी जागा हेरणे हे त्यांचे काम. असे लोक न सांगता येतात आणि कोणत्या कंपनीसाठी हे सांगत नाहीत. त्या कामाला "सूर्यफूल" असे गुप्त नाव होते. (गुप्त म्हणजे काउंटीप्रमुखांनी ते फक्त आपल्या पत्नीला सांगितले होते. ऑर्फाबाईंनी त्या दिवशी टोपीला सूर्यफूल लावले होते.) मोकळी, सपाट, तयार जागा बघायला आलेल्या त्या माणसाला तिच्यावर अख्खी काउंटी जेवताना दिसली. काउंटीप्रमुखांच्या तोंडातला घास तिथेच थांबला. परंतु आपल्याकडे आलेल्या माणसाला आधी विचारायचे नसते, आधी वाढायचे असते. टॅकेट भगिनींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बसवले. त्यांनी तीन वेळा नको म्हटले आणि तिन्ही वेळा त्यांना वाढण्यात आले.

जेवण झाल्यावर ते दगडांपाशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि हळूच विचारले की इथे कोण आहे. मी खोटे बोलत नाही. मी म्हटले, "माझे कुत्रे आहेत, साहेब."

त्यांनी फुलांचा ढीग एकदा नजरेने मोजला. मग म्हणाले, "आणि हे सगळे लोक कुत्र्यांसाठी आलेत?"

"त्यांना ते ठाऊक नाही. म्हणजे मी सांगितलंय, पण ठाऊक नाही."

ते हसले नाहीत, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. एवढेच म्हणाले, "मी पुष्कळ गावं बघतो. ओळख नसलेल्याच्या थडग्याला एवढं जपणारी माणसं कामावरही येतील, आणि टिकतील." मग त्यांनी अभियंत्याचा नकाशा मागवला, मोटारीच्या टपावर पसरला आणि विचारले की हे दगड राहू द्या, सगळी सपाटी थोडी पूर्वेला सरकवली तर माप पुरते, मग हा नकाशा पूर्वेला इथेच का थांबतो. काउंटीप्रमुखांना अचानक भांडी गोळा करायची आठवण झाली. मी केक घेतला.

असो. पत्र लांबले, क्षमा असावी. आपल्या प्रकृतीस जपावे. ल्यूला आणि शेल्बी आपल्याला नमस्कार सांगतात, आणि मुलांनी विचारले आहे की ओहायोत टेकड्या असतात का.

आपला मेहुणा,
होबार्ट नॅपियर

ता. क. नकाशा पूर्वेला थांबतो त्याचे कारण तिथून पुढे आपला तंबाखूचा तुकडा सुरू होतो. निवृत्तीनंतर तिथे लहानसे घर बांधून परत यायचे असे आपण आयसीला वचन दिले होते, हे मी विसरलेलो नाही; म्हणूनच आजवर एकाही गायीला आत जाऊ दिले नाही. समितीने आपल्याला लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी नाही म्हणालो. मग शेल्बीने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मी हो म्हणालो. आपण तुकडा द्यावा अशी माझी विनंती आहे. आपण नकार दिलात तर मी पुढच्या वसंतातही झुडपे तोडीन आणि याविषयी अवाक्षर काढणार नाही.

ता. क. दुसरा. ल्यूलाने पत्र वाचले. ती म्हणते की मुद्द्याची गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची असते. मी तिला सांगितले की चौथीत असे शिकवले नव्हते.

ता. क. तिसरा. आपण घरी परतणार होता, ते वचन तर पाळले गेलेच पाहिजे. म्हणून मी एक व्यवस्था केली आहे. टेकडीवरच्या त्या जागेला आता लोखंडी कुंपण घालणार आहेत, आणि आतल्या उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या हे ऑर्फाबाई ठरवतात. नियम असा की आधीच ज्याचे कोणी तिथे आहे त्यालाच जागा. त्यांनी मला विचारले, "होबार्ट, तुमचं कोणी आहे का इथे?" मी म्हटले, "आहेत. पाचही माझेच." त्यांचे डोळे भरून आले. "शेवटी मान्य केलंत," असे म्हणून त्यांनी मला एका ओळीत तीन जागा दिल्या. एक माझी, एक ल्यूलाची (तिने प्रीचरपासून दूरची मागितली आहे) आणि जुनोच्या शेजारची आपली. तिथून आपला तुकडा समोरच दिसतो, आणि आयसीची दफनभूमी खाली ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर आहे. अट एकच. आपल्यापैकी एकाला तिथे ठेवताना पाद्रीबुवा जेव्हा म्हणतील की हा आज आपल्या थोर पूर्वजांच्या शेजारी विसावला, तेव्हा दुसऱ्याने हसायचे नाही. आपल्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. माझ्यावर नाही, म्हणून आधी जायचे मीच ठरवले आहे.