एक्केचाळिसाव्या अंकाचा आरसा

पिट्सबर्ग,
सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

प्रिय ऑगीदादा,

कॉर्नेलचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? टूसॉनच्या कोरड्या हवेत तो सुधारेल असं डॉक्टर म्हणाले होते. पण गेल्या पत्रात तू गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, त्यावरून तो एक तर ठणठणीत असावा किंवा फारच दुखत असावा. वहिनींना आम्हा नवराबायकोचा नमस्कार सांग. (लुसिल विचारते की खसखशीच्या रोलची कृती कधी पाठवणार? पत्र त्यासाठी लिहीत नाही, पण विचारलं नाही असं होऊ नये.) माझी प्रकृती उत्तम. लिफ्टची कामं नेहमीसारखी चालू आहेत. परवा एका बारा मजली इमारतीची लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधोमध अडकली, आत एक वकीलसाहेब होते. त्यांना बाहेर काढेपर्यंत मी वरून त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि पितळी गरुडाच्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांबद्दल बरीच माहिती दिली. बाहेर आल्यावर ते आभार न मानता जिन्याने गेले.

तर मुखपृष्ठं. माझी वही तुला ठाऊक आहे. तिच्यात आजमितीस एक हजार चारशे बारा मुखपृष्ठांची नोंद आहे, आणि प्रत्येकासमोर आतली गोष्ट काय, हे माझ्या हाताने लिहिलेलं आहे. मी शाळा नववीत सोडली, त्यामुळे ही वही कुठल्या प्राध्यापकाने तपासलेली नाही, आणि कुठल्या प्राध्यापकाला ती जमलीही नसती. त्यात मी थापांचे सात प्रकार पाडलेत. बाहेर पितळी गरुड थडग्यात, आत त्याला नुसतं पडसं झालेलं: हा प्रकार पहिला. बाहेर तो प्रेयसी व्हेराशी लग्न लावतोय, आत ते मेणाचे पुतळे: प्रकार तिसरा. बाहेर कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत ‘हे स्वप्न नाही!’, आणि शेवटच्या पानावर तो डोळे चोळत उठतो: प्रकार सातवा, सगळ्यांत निर्लज्ज आणि माझा सगळ्यांत लाडका. लोकांना वाटतं की मी खोटेपणा पकडत बसतो. छे! मी टोपी काढून उभा आहे, दादा. दहा सेंटांच्या कागदावर, एका चित्रात, रस्त्याने चाललेल्या पोराचे पाय जागच्या जागी थांबवायचे, हे आपल्या गावातल्या एका तरी पाद्र्याला आयुष्यात जमलं का?

आता तुझ्या माझ्यातली जुनी गोष्ट. तुझ्या वडिलांचा, आमच्या जो काकांचा, वर्तमानपत्रांचा ठेला कारखान्याच्या फाटकाशी, नदीपलीकडे, आणि आई मला पूल ओलांडू द्यायची नाही. महिना संपला की न खपलेल्या अंकांच्या मुखपृष्ठाची वरची पट्टी कापून कंपनीकडे परत पाठवायची आणि उरलेला अंक नष्ट करायचा, असा नियम होता. काका पट्टी पाठवायचे, उरलेलं मुखपृष्ठ फाडून शेगडीत घालायचे, आणि आतली पानं तू मला पाच सेंटांना आणून द्यायचास. मुखपृष्ठ मात्र फुकट, तोंडी. आमच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून, हातवारे करत, कुठला रंग कुठे आहे ते सुद्धा. पितळी गरुडाचे एक्केचाळीस अंक निघाले. पुढे मोठा झाल्यावर मी चाळीस अंक मुखपृष्ठांसकट मिळवले आणि तुझं वर्णन एकेक करून ताडून पाहिलं. चाळीसच्या चाळीस बरोबर! एका ठिकाणी तू व्हेराचा झगा हिरवा सांगितला होतास, तो निळा निघाला, पण संध्याकाळच्या उजेडात असं होतं, मी ते धरलेलं नाही.

राहिला एक्केचाळिसावा. तो निघाला आणि त्याच महिन्यात कंपनी बुडाली. बहुतेक गठ्ठे गोदामातच राहिले. माझ्याकडे फक्त तुझी आतली पानं. मुखपृष्ठासकट अंक मला आजवर कुणाकडे दिसला नाही. पण तू सांगितलेलं मुखपृष्ठ मला पाठ आहे: पितळी गरुड आरशासमोर उभा, हातात नुकताच काढलेला मुखवटा, आणि आरशात त्याच्या चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. एक हजार चारशे बारांत हे मी पहिल्या क्रमांकावर ठेवलंय. कारण आतल्या गोष्टीत असं काही घडतच नाही. आत कुणीतरी न्हाव्याची सोन्याची कात्री चोरतो, बस्स. पण चौथ्या पानावर न्हाव्याच्या दुकानात एक आरसा आहे, आणि त्या आरशाच्या आधारे मी अकरा पानांचा निबंध लिहिला. तो मागच्या वसंतात वाचनालयात चौदा माणसांपुढे वाचला. (लुसिल म्हणते नऊ. ती उठून गेलेल्यांना मोजत नाही.) त्यात मी ठणकावून सांगितलं की जगात इतकी थोर थाप दुसरी नाही.

आणि मग सप्टेंबरात मला कळलं की पितळी गरुडाची ही सगळी मुखपृष्ठं काढणारे मिस्टर मॉर्टन गेल्फंड अजून हयात आहेत, इथेच, स्क्विरल हिलमध्ये, आपल्या मुलीकडे! मी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला मुलीचं उत्तर आलं की बाबांची नजर जात चालली आहे, १९ तारखेला डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आणि त्यानंतर दिसेल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत, तेव्हा यायचं तर लवकर या. म्हणून काल रविवारी गेलो. कोट घातला, वही घेतली, भिंग घेतलं. (भिंग त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. त्यांनी तेच मागून घेतलं आणि परत दिलं नाही.) चौऱ्याहत्तर वर्षांचा छोटासा माणूस, खिडकीजवळ बसलेला, काचेच्या पेल्यात चहा. मी वही उघडली आणि विचारलं की साहेब, मार्च १९५१, पितळी गरुड तुरुंगात रडतोय, आत तो तुरुंगाच्या आसपासही फिरकत नाही, हे का?

म्हातारा इतका हसला की मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. ‘‘अरे बाळा, गोष्ट होती कुठे तेव्हा? सोमवारी मालक म्हणायचा, काहीतरी असं काढ की पोरगं थांबलं पाहिजे. मी काढायचो. बुधवारी ते चित्र बिचाऱ्या लेखकापुढे टाकायचे, की याला गोष्ट जोड. कधी जमायचं, कधी शुक्रवारपर्यंत तो विसरून जायचा.’’ कळलं का दादा? मुखपृष्ठ आधी! मी पंचवीस वर्षं ज्याला थाप म्हणत आलो, ते वचन होतं, आणि ते मोडलं आतल्या गोष्टीने. माझे सातही प्रकार उलटे पडले. मी तिथेच पेन्सिलीने वहीवरचं ‘थापा’ हे नाव खोडलं. नवीन अजून सुचलेलं नाही.

मग मी निघायच्या आधी एक्केचाळिसाव्याबद्दल बोललो. आरसा, मुखवटा, कोरी जागा, सगळं. त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘हे मी काढलेलं नाही.’’ मी म्हटलं, साहेब, वय झालंय, विसरला असाल. त्यावर मुलगी तडकली, ‘‘बाबांची नजर जातेय, डोकं नाही!’’ आणि ते म्हणाले, ‘‘शेवटच्या अंकाला मी गोरिला काढला होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला गोरिला, गळ्याभोवती पांढरा टॉवेल. मालकाला दर तीन महिन्यांनी गोरिला लागायचा, खप वाढायचा. आणि सांगतो, तेवढ्या एका वेळी गोष्ट बरोबर चित्रावर बेतलेली होती.’’

दादा, आतल्या गोष्टीत गोरिला आहे. कात्री तोच चोरतो. माझ्या अकरा पानांत मी त्याला ‘निरर्थक’ म्हटलंय. म्हणजे अख्ख्या एक्केचाळीस अंकांत एकच मुखपृष्ठ खरं बोललं, आणि मी त्यालाच जगातली सर्वांत थोर थाप म्हणून चौदा (बरं, नऊ) माणसांपुढे उभं केलं.

घरी येऊन लुसिलला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, ‘‘तो अंक ऑगीने तुला कधी आणून दिला होता?’’ मी वही पाहिली. नोव्हेंबर १९५२. म्हणजे सांध्यांच्या तापाने (तो काळजापर्यंत जातो म्हणायचे) मी सहा आठवडे अंथरुणात होतो तेव्हा. पायरीवर नव्हे, तू पलंगाशेजारी बसून सांगितलं होतंस. आणि तुझी आई, आमची बोझेना काकू, दारात उभी राहून रडत होती, ती गोष्टीमुळे रडते असं मला तेव्हा वाटलं होतं. तू तेरा वर्षांचा होतास. दहा वर्षांच्या माझ्यासाठी, पितळी गरुडाच्या शेवटच्या अंकाला, गोरिला तुला पुरेसा वाटला नसावा.

मी रागावलेलो नाही. वहीत पहिला क्रमांक तुझाच राहील, चित्रकाराच्या रकान्यात ‘ऑगस्ट हुदाक, तोंडी’ असं लिहिलंय, पेनाने.

तुझा धाकटा भाऊ,
कॉर्नेल

ता. क. गुडघ्याला गरम मिठाच्या पाण्याचा शेक दे.

ता. क. २. पत्राचं खरं कारण आता लिहितो. मी दाराशी पोचलो तेव्हा म्हाताऱ्याने हाक मारली. म्हणाले, ‘‘तो आरसा ज्याने सांगितला, तो कुठल्या कंपनीत होता?’’ मी म्हटलं, माझा चुलतभाऊ, तेव्हा तेरा वर्षांचा. ते म्हणाले, ‘‘मला हे सुचायला हवं होतं.’’ त्यांनी मुलीकडून पुठ्ठा आणि शाई मागवून ठेवली आहे. १९ तारखेच्या आत काढायचं म्हणतात. मला विचारलं, आरसा गोल की चौकोनी, मुखवटा कुठल्या हातात, उजेड कुठून? आणि मी, ज्याला चौदाशे मुखपृष्ठांवरच्या बटणांचे रंग पाठ आहेत, मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. ते मुखपृष्ठ पाहिलेला माणूस जगात तू एकच आहेस. काल तीनदा तुझा नंबर फिरवला आणि तीनदा रिसीव्हर ठेवून दिला, म्हणून हे पत्र. मिळाल्याबरोबर त्यांना फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे आहे.

ता. क. ३. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणू नकोस. तेव्हा सांगितलंस तसंच सांग, न थांबता, हातवारे करून. फोनवर दिसत नाहीत, तरी कर.