न वितळणारी बासरी

बालीगंज, कलकत्ता
डिसेंबर १९५९

तीर्थस्वरूप श्याममामांना गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा नागपूरच्या थंडीत कुरकुरत असेल, त्याला आमच्या दोघांतर्फे विचारावे. मामींचा दमा बरा असावा. इकडे प्रकृती ठीक, पण घर ठीक नाही.

तुम्ही इथून बदली होऊन जाताना कालिंदीला दिलेली बासरी आठवते ना? (आठवणारच. तीस वर्षं वाजवलीत, मग शिकवून तिच्या हाती दिलीत.) तिला पावसाळ्यात चीर गेली. कालिंदी म्हणाली, "मेणाचा दोरा घट्ट गुंडाळून देईल कुणीतरी." मी हसलो. घरात रसायनशास्त्रज्ञ असताना दोरा?

बराकपूरजवळच्या आमच्या कारखान्यात विजेच्या तारांवर पॉलिथीनचं आवरण चढवतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्या पॉलिथीनचा दोष असा, की तार तापली की ते तुपासारखं पातळ होतं. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, ताटातल्या शेवयांसारख्या नुसत्या एकमेकींवर पडलेल्या. उष्णता लागली की घसरल्याच. पण त्यात पेरॉक्साइड नावाचं रसायन मिसळून तापवलं, की या साखळ्या जागोजागी एकमेकींना कायमच्या सांधल्या जातात. मग कितीही तापवा, ते रबरासारखं मऊ पडतं, पण वाहत नाही. मऊ असताना ताणून गार केलं तर ताणलेलंच राहतं आणि पुन्हा तापवलं की आपल्या मूळ मापावर येतं. (या गुणावर मी साहेबांसमोर तासभर बोललो होतो. साहेब पाइप ओढत होते.)

तशी एक नळी मी ताणून घरी आणली, बासरीवर सरकवली आणि स्पिरिटच्या दिव्यावर फिरवली. नळी आवळली, चीर मिटली. भोकंही मिटली, ती मी कोरून काढली. मोठ्या ऐटीत बासरी कालिंदीपुढे धरली. तिने एकच सूर लावला. मामा, तो सूर नव्हता, सर्दी झालेल्या माणसाची हाक होती. कालिंदी बासरी खाली ठेवून भाजी चिरायला गेली.

तिथेच थांबलो असतो तर! पण रविवारी ती शेजारी गेल्याचं पाहून मी नळी काढायला बसलो. वितळवून पाहिली, बांबू करपला, नळी तशीच. एक टोक झायलीन नावाच्या गरम द्रावकात बुडवलं. साधं पॉलिथीन त्यात साखरेसारखं विरघळलं असतं. हे पुरीसारखं फुगलं आणि फुगूनच राहिलं. जे वितळू नये, विरघळू नये म्हणून वर्षभर खपलो, ते माझं ऐकत नव्हतं. शेवटी दाढीचं पातं घेतलं. नळी उभी चिरली गेली आणि आतला बांबू, केवळ तिच्या आधाराने धरलेला, टोकापासून टोकापर्यंत उकलला.

"अहो, काय करताय?" कालिंदी दारात उभी.

"दुरुस्त करतोय," मी म्हणालो. हातात दोन तुकडे होते.

तिने ते घेतले, जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. रागावली असती तर बरं झालं असतं. आता फक्त "आमटी वाढू का?" एवढंच विचारते. संध्याकाळी घरात जे काही वाजत असे, ते मी पेपर वाचताना कधी नीट ऐकलंच नव्हतं. आता ते नाही, तर पेपर वाचवत नाही.

मामींना नमस्कार.

आपला अपराधी भाचा,
गुरुदत्त

ता. क. – बासरी जुनी होती, आज ना उद्या फुटणारच होती, असं दोन ओळींत कालिंदीला लिहाल का? तुमचं ती मानते.

ता. क. दुसरा – मी सुचवलं हे कळवू नये.

मामा, कालिंदीचा नमस्कार. हे आज पाकीट न चिकटवताच टेबलावर विसरून कामावर गेले. तसं काही लिहू नका. जुनी झाली म्हणून फुटली नाही, हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे, आणि मला वाईट वाटायचं ते वाटू द्या. पण काल जेवताना यांनी विचारलं, "संध्याकाळी तू वाजवायचीस ते काय होतं गं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडची एखादी बासरी पाठवा, वाजवूनच सांगीन.

– कालिंदी