इंटरल्यूकिनची रिकामी बाटली

६ एप्रिल, सोमवार. शिरपूर.
इंटरल्यूकिन-२ कंपनीतून निघालं. शरीरातल्या लढाऊ पेशींना 'वाढा' सांगणारं प्रोटीन. कंपनी ते जिवाणूंकडून बनवून घेते. उंदराच्या पेशी तयार आहेत. वीस तारखेला पीएच.डी.च्या समितीसमोर ग्राफ, मेअखेर पेपर. आबांना फोन केला. म्हणाले, "हाई औषध शे का?" म्हटलं, औषधाच्या आधीचं. त्यांना ते कमी वाटलं.

८ एप्रिल, बुधवार.
पार्सल धुळ्यात अडकलं. स्वतः गेलो. परतताना सोनगीरजवळ बस पंक्चर. मांडीवर बर्फाचा डबा. शेजारच्या आजोबांनी कुल्फी आहे का विचारलं. नाही म्हटलं तर विश्वास बसेना.
सोबतचा सूचनांचा कागद वाचायचा राहिला. एम.एस्सी.ला असल्या बाटल्या ढिगाने हाताळल्यात. (दोन.)

९ एप्रिल, सकाळ.
बाटली उघडली. रिकामी. उलटी करून ठोकली. काही नाही. सरळ फसवणूक. लॅबमधल्या दीपमालाला यातलं अर्धं हवं होतं. ती म्हणाली, "भाऊ, आधी कागद बघू या का?" म्हटलं, कागदाला काय प्रोटीन चिकटलंय?

दुपार.
कंपनीला कडक ईमेल. सीसी: माझ्या गाइड नूतन मॅडम आणि प्राचार्य. पुराव्याचा व्हिडिओ जोडला: बाटली नळाखाली खळखळून धुतो, उजेडात धरतो. लख्ख. इंग्रजीही जमून आलंय.

११ एप्रिल, शनिवार.
उत्तर आलं. फार नम्र. प्रोटीन इतकं थोडं असतं की दिसत नाही. काचेला, झाकणाला चिकटलेलं असतं. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाला बसवायचं, मग विरघळवायचं. व्हिडिओबद्दल आभार मानलेत. त्यामुळे सगळं स्पष्ट झालं म्हणे.
प्राचार्यांना सीसी करायला नको होतं.

१३ एप्रिल, सोमवार.
मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "योगराज, त्यात दीपमालाचंही काम होतं." ओरडल्या असत्या तर बरं.
नवा प्लॅन. प्रोटीनशिवाय पेशी वाढत नाहीत, हेच दाखवायचं. याला कंट्रोल म्हणतात. विज्ञानात फार मान असतो त्याला.

१६ एप्रिल, गुरुवार.
पेशी वाढल्या नाहीत. मेल्या. शंभर टक्के यश.
दीपमाला जळगावच्या मैत्रिणीकडून थेंबभर प्रोटीन मागून आणतेय. मी सोबत येतो म्हटलं. घाईघाईने नको म्हणाली.

२० एप्रिल, सोमवार.
समितीतले सर म्हणाले, "कंट्रोल उत्तम. तुलना कशाशी केली?" सहा महिन्यांनी पुन्हा यायचंय.
संध्याकाळी दीपमालाने हाक मारली. जळगावचं प्रोटीन घातलेली तिची पेशींची प्लेट नुकतीच इन्क्युबेटरमधून निघाली होती. म्हणाली, "भाऊ, बघा बरं." मायक्रोस्कोपला डोळे लावले. पेशी फुगलेल्या, एकमेकींना चिकटून मुरमुऱ्यांच्या लाडवांसारखे घोळके. सगळीकडे. वर्षभर ग्राफ काढतोय, हे कधी पाहिलं नव्हतं. किती वेळ बसलो कोण जाणे.
मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, मी अजून पाहिलं नाही."
उठलो.