आईंची रपेट

३ फेब्रुवारी
आईंचा फोन. सत्तरी झाली म्हणून घोड्यावर बसायचंय, आणि सोबत मीच हवी. घटस्फोटाला चार वर्षं झाली — नवरा सुटला, सासूबाई काही सुटल्या नाहीत. मी म्हटलं, शाळेच्या गणवेशांचं शिवण गळ्याशी आलंय. "मग शनिवारी सकाळी सातला तयार राहा," म्हणाल्या.

५ फेब्रुवारी
दिवसभर बाह्या. मान धरलीय.

७ फेब्रुवारी
अंग ठणकतंय, तरी लिहितेच.

तबेल्यात आधी फॉर्म. आईंच्या फॉर्मवर 'अपघात झाल्यास कोणाला कळवावं' इथे माझा नंबर टाकला. पुढे रकाना — 'नातं'. मी थांबले. आईंनी पेन ओढून घेतलं आणि लिहिलं, 'आहे'. शिकवणाऱ्या बाईंनी वाचलं आणि दोन हेल्मेटं पुढे केली.

आईंना शांत तांबडी घोडी, मला एक हट्टी पांढरा. तो पावलागणिक गवतात तोंड घालायचा आणि मी लगाम धरून त्याच्या विनवण्या करायची. आई पुढे — पाठ ताठ, गुडघेदुखीचा मागमूस नाही. ओढ्याच्या उतारावर मी डोळेच मिटले. "अगं, घोड्याने उघडे ठेवलेत, तूही ठेव."

उतरल्यावर दोघींचे पाय फेंगडे. बाहेरच्या बाकावर बसून सूप आणि सँडविच. माझ्या प्लेटमधली काकडी उचलत आई सहज म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी वृद्धाश्रमात जातेय. लेक परदेशी निघालाय, घर विकतोय. जागा मीच बघून आले. खिडकी चांगली आहे."

"तो काय म्हणाला?"

"रडला. मीच समजूत घातली. तू खा, सूप गार होतंय."

मी उरलेली काकडीही त्यांच्या प्लेटमध्ये ठेवली. परतताना त्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मी स्टॉप येईपर्यंत हलले नाही.

८ फेब्रुवारी
शिलाई मशीन आतल्या खोलीतून हॉलमध्ये ओढलं. खोली पुसली. मग आईंना फोन केला. "वेडी आहेस का? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, तुम्ही कधीपासून लोकांना विचारायला लागलात? त्यांनी "बघते" म्हणून ठेवून दिला.

१ मार्च
दोन सुटकेस, एक आरामखुर्ची आणि आई. सामान त्यानेच वर आणलं. दारात घुटमळला, म्हणाला, "आईकडे लक्ष दे."

आतल्या खोलीतून आवाज आला, "मी तिच्याकडे लक्ष द्यायला आलेय."