ओटीतला नारळ

बुधवार, पेण.

नारळ अजून टेबलावरच आहे. फोडवत नाही, टाकवत नाही.

आज रोह्याच्या महिला मंडळात माझ्या विज्ञानकथांच्या पुस्तकासाठी सत्कार झाला. पुस्तकातल्या बायका एका परक्या चंद्रावर वस्ती करतात. तिथं नवऱ्याची चौकशी कुणी करत नाही. अध्यक्षीणबाईंनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. मग ओटी भरायला आल्या आणि नारळ हातातच धरून हळूच म्हणाल्या, "मिस्टर हायत ना गो?"

माझा घटस्फोट झालाय, एवढंच तर सांगायचं होतं. सगळा हॉल बघत होता. मी म्हणाले, "व्हय, हायत. कंपनीत. फर्स्ट शिफ्टला."

का म्हणाले? परतीच्या गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत पिशवीतला तो नारळ गुडघ्याला लागत होता.

घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. तर म्हणाली, "पुढच्या टायमाला रातपाळी सांग. रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो, त्याला बघायला कोण येत नाय."

आणि मी मान डोलावली. मी! इतकी वर्षं बायकांना पृथ्वीबाहेर काढतेय, आणि आईनं एका वाक्यात मला असं घर बांधून दिलं की त्याला दारच नाही.

हे लिहीपर्यंत तिनं नारळ उचलून नेला. आत्ता फुटल्याचा आवाज आला.

"वड्या करते गो. त्या बाईंना चार धाड. मिस्टरांना आवडल्या म्हणावं."